राजगड ते जिंजी : किल्ल्यांचा स्लाइडशो पडद्यावर उभा कसा करावा?

सह्यवाटा

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी तमिळनाडूतली जिंजी. तेव्हापासून वाचनालयं, शाळा, गणेशोत्सव मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ अशा सगळीकडून आमच्या ट्रेकिंग ग्रुपला निरोप येतात : बारा किल्ल्यांवर तासाभराचा स्लाइडशो करा. ग्रुपमध्ये स्लाइड बनवण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणून हा धागा.

किल्ल्यांच्या बहुतेक स्लाइडशोमध्ये फोटो उत्तम असतात. दरवाजा, टाकं, बुरूज, मंदिर, पुन्हा टाकं, पुन्हा बुरूज. पण जो माणूस त्या गडावर कधी गेलेलाच नाही, त्याला थोड्याच वेळात सगळे बुरूज सारखे दिसायला लागतात. आपण गडावर नेमके कुठे उभे आहोत हे त्याला कळत नसतं. माझं ठाम मत असं की स्लाइडशोचा सगळा प्रभाव या एका गोष्टीवर आहे. प्रेक्षकाला जागा कळली की तो फोटोत शिरतो. ॲनिमेशन, रंग, फॉन्ट, संगीत यांचा उपयोग त्यासाठीच करायचा.

पहिला निर्णय सॉफ्टवेअर उघडण्याआधीचा. बारा किल्ल्यांना सारखा वेळ देऊ नका. तासाभराचे बारा तुकडे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि एकही किल्ला लक्षात राहत नाही. आम्ही तीन किल्ल्यांवर रमतो : डोंगरी म्हणून राजगड, समुद्रातला म्हणून खांदेरी आणि दूरचा म्हणून जिंजी. बाकीचे नऊ नकाशावर येतात, एकेका पडदाभर फोटोने आणि दोन वाक्यांनी पुढे जातात. ‘आमचा पन्हाळा एवढासाच?’ अशी तक्रार होते, ती मी मान्य करतो. पुढच्या कार्यक्रमात पन्हाळा मोठा करायचा, एवढंच.

आता राजगड. या गडाची रचना पडद्यावर दाखवायला फार सोयीची आहे. मधोमध बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा तटबंदीचा भाग), पूर्वेला सुवेळा, पश्चिमेकडे संजीवनी. मी गडाचा साधा आराखडा पॉवरपॉइंटमध्येच काढतो. नकाशाचं चित्र मागे ठेवायचं, इन्सर्टमधून शेप्स आणि त्यातलं फ्रीफॉर्म निवडायचं, कडेकडेने टिचक्या मारत आकार पूर्ण करायचा आणि शेवटी मागचं चित्र काढून टाकायचं. प्रत्येक माचीचा आकार वेगळा ठेवायचा. वेळ लागतो, पण हा आराखडा पुढे वर्षानुवर्षं कामाला येतो, आणि तो चित्र नसून शेप असल्यामुळे कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

मग येतं मॉर्फ. पॉवरपॉइंट २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हे ट्रान्झिशन, म्हणजे स्लाइड बदलतानाची हालचाल, आहे. पहिल्या स्लाइडवर पूर्ण गड ठेवा. डाव्या पट्टीत ती स्लाइड निवडून कंट्रोल आणि डी दाबा, तिची प्रत होईल. प्रतीवर सगळा आराखडा एकत्र निवडून इतका मोठा करा की सुवेळा माची पडदाभर येईल. बाकीचा गड स्लाइडच्या बाहेर गेला तरी हरकत नाही, बाहेरचं पडद्यावर दिसत नाही. आता या दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ लावा. चालवलं की आपण आकाशातून गडावर उतरत सुवेळा माचीवर येतो. त्यानंतरच्या स्लाइडवर त्याच माचीचं नेढं (खडकातलं आरपार भोक), पडदाभर. सभागृहातून जो आवाज येतो तो ऐकण्यासारखा असतो.

एक खुबी सांगतो. पॉवरपॉइंटला कधी कधी कळत नाही की या स्लाइडवरचा हा आकार म्हणजेच पुढच्या स्लाइडवरचा तो. अशा वेळी ऑल्ट आणि एफ१० दाबून सिलेक्शन पेन उघडा आणि दोन्ही स्लाइडवर त्या आकाराला एकच नाव द्या, नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं टाकून : ‘!!सुवेळा’. मग गफलत होत नाही.

माचीवर उतरल्यावरही जागा सुटू द्यायची नाही. म्हणून प्रत्येक फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तोच आराखडा छोटा करून ठेवतो, आणि आपण ज्या माचीवर आहोत ती केशरी, बाकी राखाडी. स्लाइड मास्टरमध्ये (सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात) असे चार लेआउट एकदाच करून ठेवले की नवीन फोटो टाकताना फक्त ‘संजीवनी’ किंवा ‘बालेकिल्ला’ लेआउट निवडायचा. संजीवनीची चिलखती तटबंदी दाखवताना तर हे फारच उपयोगी पडतं. तटाच्या बाहेर दुसरा तट आणि मधून जाणारी अरुंद वाट, ही गोष्ट नुसत्या फोटोतून कोणालाही समजत नाही. आधी आराखड्यावर दोन रेषा, मग वरून घेतलेला फोटो, मग त्या वाटेत उभं राहून घेतलेला फोटो. तीन स्लाइड, एकही वाक्य लिहिलेलं नाही, आणि समोरच्या शाळकरी मुलालाही चिलखत म्हणजे काय ते कळतं.

खांदेरीला हेच तंत्र वेगळ्या कारणासाठी वापरतो. तिथे किल्ल्यापेक्षा अंतर महत्त्वाचं. थळचा किनारा, समोर खांदेरी आणि दोघांच्या मधे उंदेरी. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही का अस्वस्थ झाले, हे सांगायला वाक्यं नकोत. नकाशा मुंबई बंदरापासून सुरू करा आणि मॉर्फने हळूहळू दक्षिणेला सरका. खांदेरी पडद्यावर आली की उत्तर समोर असतं. पुढच्या वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावली, तेव्हा नकाशावर फक्त ते बेट हिरवं करतो. तिथे मी मुद्दाम काही बोलत नाही.

जिंजीसाठी उलट. आधी पूर्ण दक्षिण भारत दाखवतो, रायगड एका टोकाला आणि जिंजी दुसऱ्या. १६८९ मध्ये राजाराम महाराजांनी केलेला प्रवास रेषेने उमटतो (ॲनिमेशनमधलं ‘वाइप’, दिशा डावीकडून, वेळ जरा जास्त). मग राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट.

फोटोंबद्दल थोडं. मोबाइलचा फोटो साधारण ४:३ असतो, पडदा १६:९. पूर्ण रुंदी ठेवून कापला तर उंचीचा पाव भाग जातो. म्हणून गडावरच कॅमेरा आडवा धरा आणि वर-खाली जागा सोडून फोटो घ्या. ग्रुपमधल्यांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो आकसून येतो. आणि पॉवरपॉइंट स्वतःही फाइल सेव्ह करताना चित्रं आकसवतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ वर खूण करा. साधा पडदाभर फोटो फुल एचडीला १९२० पिक्सेल रुंद असला की पुरतो. पण मॉर्फने त्याच फोटोच्या एका कोपऱ्यात तिप्पट शिरायचं असेल तर पावणेसहा हजारांच्या आसपास पिक्सेल रुंदी लागते. असे मोजकेच फोटो मूळ आकारात ठेवा.

फोटोवर नाव लिहायचं असेल तर अक्षरामागे पांढरी पट्टी नको. स्लाइडच्या खालच्या तिसऱ्या भागावर एक चौकोन टाका, त्याला ग्रेडियंट फिल द्या : खाली काळा, वर जाता जाता पूर्ण पारदर्शक. पांढरं अक्षर त्यावर ठळक दिसतं आणि फोटोही झाकला जात नाही.

मराठी फॉन्ट, जुने प्रोजेक्टर आणि मोफत सॉफ्टवेअर यांवर जाणकारांनी लिहावं. त्या बाजूने माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले लोक इथे आहेत.

शाळामास्तर

सह्यवाटा, फार उपयोगाचं लिहिलंत. कोपऱ्यातला आराखडा ही कल्पना मी इतिहासाच्या तासाला लगेच उचलणार आहे.

आमच्या शाळेतला प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे ४:३. त्यावर १६:९ ची फाइल लावली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र लहान होतं. दुसरी अडचण आवाजाची. लॅपटॉपमधून समुद्राची गाज लावली तर स्पीकरमधून काहीच येत नाही.

सह्यवाटा

सर, आवाजाचं कारण बहुधा केबल. व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर शाळेच्या ॲम्प्लिफायरला जोडा. एचडीएमआय असेल तर आवाज त्याच केबलने प्रोजेक्टरपर्यंत जातो, पण तोही प्रोजेक्टरच्या बारीक स्पीकरमधून येतो, म्हणून वेगळी वायर तिथेही बरी.

पट्ट्यांचं म्हणाल तर, कार्यक्रम फक्त शाळेतच असेल तर सुरुवातीलाच डिझाइन, स्लाइड साइज इथे ४:३ निवडा. तयार फाइल नंतर बदलली तर सगळे फोटो हलतात आणि पुन्हा बसवावे लागतात. दोन्ही ठिकाणी चालवायची असेल तर १६:९ ठेवा आणि पट्ट्या येऊ द्या. पडदा पूर्ण काळ्या पार्श्वभूमीचा असला की त्या जाणवतही नाहीत.

अक्षरवेल

फॉन्टबद्दल मी लिहिते. माझा रोजचा धंदाच अक्षरांचा आहे.

सगळ्यात आधी : श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर स्लाइडमध्ये घेऊ नका. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांची रांग दिसते आणि समोर शंभर माणसं बसलेली असतात. युनिकोडमध्येच लिहा. जुना मजकूर असेल तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण रफार आणि ऱ्ह, ऱ्य इथे कन्व्हर्टर अडखळतात.

युनिकोडमध्येही फॉन्ट नसला तर विंडोज स्वतःचा दुसरा लावतं, निर्मला किंवा मंगल. मजकूर वाचता येतो, पण रुंदी बदलते, ओळी तुटतात, ‘सिंधुदुर्ग’ एका ओळीतून दोन ओळींत जातं. यावर उपाय : फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’. गूगल फॉन्ट्सवरचे मुक्ता, बालू, हिंद, नोटो हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, ते फाइलमध्ये बसवता येतात. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचं काम आहे, आणि पडद्यासाठी मला तेच सर्वांत आवडतात. मुक्ताला अगदी बारीकपासून जाडपर्यंत वजनं आहेत, त्यामुळे शीर्षक आणि तळटीप एकाच फॉन्टमध्ये करता येतात. ज्यांना मराठी वळणाचा ल आणि श हवा आहे त्यांनी टिरो देवनागरी मराठी बघावा. पुस्तकी, देखणा आहे, किल्ल्याच्या नावाला शोभतो. पण त्याच्या बारीक रेषा मंद प्रोजेक्टरवर पुसट होतात, म्हणून तो मोठ्या आकारातच वापरा.

आता मांडणी. इंग्रजी शीर्षकांमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची पद्धत आहे, ती देवनागरीत करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिरपं अक्षरही नको. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरं तिरपं अक्षर नसतंच, सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतं. ओळींमधलं अंतर १.२ ते १.३ ठेवा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. आकार ३२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. देवनागरीत मात्रांना जागा लागते, त्यामुळे त्याच पॉइंटात अक्षराचं अंग इंग्रजीपेक्षा लहान दिसतं.

आणि कळकळीची विनंती : ‘प्रतापगड’, ‘सुवर्णदुर्ग’ ही नावं एकेक अक्षर उडत येईल असं ॲनिमेशन लावून तोडू नका. नाव एकदम येऊ द्या.

जुना_कॅमेरा

मी ट्रान्सपरन्सीच्या काळातला माणूस. ३५ मिलिमीटरची पॉझिटिव्ह फिल्म, कागदी किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेली, आणि कॅरोसेल प्रोजेक्टर. गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड मावायच्या. प्रत्येक चौकटीवर एका कोपऱ्यात ठिपका काढायचा, म्हणजे अंधारात अंगठा त्यावर आला की स्लाइड सरळ बसणार याची खात्री. एखादी उलटी बसली तर रायगडाचा टकमक टोकच उलट दिशेला जायचा आणि गड माहीत असलेला माणूस लगेच ओरडायचा.

आज पॉवरपॉइंटमध्ये ‘फेड’ म्हणून जे मिळतं ते करायला तेव्हा दोन प्रोजेक्टर लागायचे. दोन्ही एकाच पडद्यावर रोखायचे, एकाचा दिवा हळूहळू मंद करायचा आणि दुसऱ्याचा वाढवायचा. डिझॉल्व युनिट म्हणायचे त्याला. पहाटेचा गड आणि तोच गड सूर्य वर आल्यावर, दोन्ही फोटो ट्रायपॉड न हलवता घेतलेले, एकातून दुसरं उगवायचं. यासारखं देखणं मी आजही काही पाहिलेलं नाही.

म्हणून तरुण मित्रांना सांगतो : ट्रायपॉड लावून एकाच जागेवरून पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला, धुक्यातला आणि धुकं सरल्यावरचा असे फोटो घ्या. मग साधं फेड, दोन-तीन सेकंदांचं. सॉफ्टवेअर काहीही असो. आणि ८० च्या वर स्लाइड तेव्हा ट्रेच घेत नव्हता, त्यामुळे आधी घरी बसून निवड करावीच लागायची. ती निवडीची शिस्त मला आजही फार मोलाची वाटते.

सह्यवाटा

काका, दोन ऋतूंतला एकच फोटो ही सूचना सोन्यासारखी आहे. जुन्या स्लाइड अजून असतील तर एखाद्या स्कॅनरवाल्याकडून त्या डिजिटल करून घ्या. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा गड आणि आजचा गड एका जागेवरून दाखवता आला तर डागडुजी कुठे झाली, पडझड कुठे झाली हे पडद्यावर दिसेल. हे आता दुसरं कोणीच करू शकत नाही.

विरोधी_पक्ष

मी वेगळं मत मांडतो. सह्यवाटा यांचं काम चांगलं आहे यात शंका नाही, पण ‘प्रभावी’ दिसण्याच्या नादात स्लाइड माहितीला दाबतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

एक गंभीर उदाहरण देतो. जानेवारी २००३ मध्ये नासाचं कोलंबिया हे अवकाशयान उडाल्यावर ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडवर मांडला. त्या स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. खाली मुद्द्याखाली उपमुद्दा, त्याखाली आणखी उपमुद्दा. आणि अगदी तळाशी, लहान अक्षरात, खरी गोष्ट : ज्या चाचण्यांवर हा अंदाज आधारलेला आहे त्यातला तुकडा ३ घनइंचांचा होता, प्रत्यक्षात आदळलेला १,९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. अपघाताचं कारण तो फोमच, स्लाइड नव्हे. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची मांडणी स्वतंत्रपणे तपासली आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर टीका केली.

त्यामुळे मला वाटतं, जे महत्त्वाचं ते कागदावर लिहून हातात द्यावं. पडदा हा पुरावा होऊ शकत नाही.

सह्यवाटा

तुमचं उदाहरण मला पूर्ण पटतं, आणि मी त्यातून आणखी एक गोष्ट घेतो. ३ आणि १,९२० हे आकडे कोणी दोन चौकोन काढून शेजारी शेजारी ठेवले असते तर तळाशी लपले नसते. एक ठिपक्याएवढा, दुसरा पडदाभर. दृश्य मांडणी म्हणजे सजावट असं मी मानत नाही. कशाला किती जागा द्यायची हे ठरवणं म्हणजे दृश्य मांडणी. उपमुद्द्यांच्या उतरंडीत सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात लहान अक्षरात जाते, तसं पॉवरपॉइंटचा रिकामा साचाच सुचवतो. म्हणून मी नवीन स्लाइड कायम ‘ब्लँक’ लेआउटवरच सुरू करतो.

कागदाचं तुमचं म्हणणं मी आजपासून अमलात आणतो. सनावळी, संदर्भ, गडावर जायच्या वाटा हे सगळं एका पानावर छापून देईन. राजगडावर गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढायचं की पाली दरवाज्याने, हे पडद्यावर वाचून कोणाच्या लक्षात राहणार आहे?

विरोधी_पक्ष

दोन चौकोनांचं पटलं. याच्याशी माझा वाद नाही.

लिनक्सप्रेमी

मोफत सॉफ्टवेअरचा प्रश्न होता. लिब्रेऑफिस इम्प्रेस विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि शाळेने, मंडळाने ते निर्धास्त वापरावं. त्यात मॉर्फ नाही, हे आधीच सांगतो. पॉवरपॉइंटमध्ये मॉर्फ लावलेली फाइल इम्प्रेसमध्ये उघडून तोच परिणाम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पण सह्यवाटा यांचं ‘जागा कळली पाहिजे’ हे तत्त्व इम्प्रेसमध्येही साधतं. नकाशावर एक ठिपका ठेवा, त्याला मोशन पाथ द्या, तो मुंबईपासून खांदेरीपर्यंत सरकतो. नकाशालाच ‘ग्रो अँड श्रिंक’ लावला तर तो जवळ येतो. ओढाताण जास्त आहे, पण होतं. कोपऱ्यातला आराखडा तर मास्टर स्लाइडवर सहज बसतो. फॉन्टही फाइलमध्ये बसवता येतात : फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट. आणि पुष्कळ फोटो एकदम टाकायचे असतील तर इन्सर्ट, मीडिया, फोटो अल्बम. एकेक फोटो ओढत बसू नका.

परदेशी_पाखरू

आम्ही न्यू जर्सीत. मंडळाच्या शिवजयंतीला मी मॅकवर कीनोट वापरते. त्यातलं ‘मॅजिक मूव्ह’ हे मॉर्फसारखंच आहे आणि बरंच आधीपासून आहे. स्लाइडची प्रत करा, वस्तू हलवा, मॅजिक मूव्ह लावा, काम तेच.

माझी अडचण प्रेक्षकांची आहे. इथल्या मुलांना देवनागरी भराभर वाचता येत नाही आणि सह्याद्रीची उंची-खोली ठाऊक नाही. ‘साल्हेर १,५६७ मीटर’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मी एक युक्ती काढली. साल्हेरच्या पडदाभर फोटोवर त्यांच्या शाळेजवळच्या ओळखीच्या इमारतीचं काळं चित्र पायथ्याशी ठेवायचं, खऱ्या प्रमाणात, पायथ्यापासूनची चढाई मोजून. मॅजिक मूव्हने ती इमारत आधी पडदाभर असते आणि मग लहान होत होत डोंगराच्या तळाला जाऊन बसते. मुलं अक्षरशः उठून उभी राहतात. नाव देवनागरीत मोठं आणि त्याखाली रोमनमध्ये लहान, हा क्रम मी मुद्दाम ठेवते. अंधुक का होईना, नजरेत अक्षर बसतं.

सह्यवाटा

ताई, हे फारच छान. आमच्याकडेही शहरातल्या मुलांना हे लागतंच. इमारतीच्या जागी गावच्या देवळाचा कळस ठेवून बघतो.

पडद्यामागे

मी सभागृहाची प्रकाश-ध्वनी व्यवस्था बघतो. स्लाइड बनवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावर काळं म्हणजे तिथे प्रकाश न पडणं, बस. त्यामुळे दिवे चालू असलेल्या किंवा खिडक्यांना पडदे नसलेल्या हॉलमध्ये तुमचा काळा रंग म्हणजे त्या पांढऱ्या पडद्याचाच रंग. धुक्यातले, संध्याकाळचे, गुहेतले फोटो तिथे संपूर्ण वाया जातात. दुपारचा कार्यक्रम असेल तर फिकट पार्श्वभूमी, गडद अक्षर आणि भर उन्हातले फोटो निवडा. अंधार करता येणार असेल तरच काळी पार्श्वभूमी. काळ्यावर गडद लाल अक्षर मात्र अंधारातही वाचता येत नाही, आणि पांढऱ्यावर पिवळं कुठेच नाही.

दुसरं, वक्त्याला बोलायचं असेल तेव्हा पडदा विझवा. शो चालू असताना कळफलकावरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. डब्ल्यू दाबलं तर पांढरा. कोणी मधेच ‘तो दरवाजा परत दाखवा’ म्हणालं तर एस्केप दाबून सगळी फाइल लोकांसमोर उघडू नका. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा, थेट तिथे जाता. म्हणून स्लाइडच्या क्रमांकांची छापील यादी जवळ असावी. आणि विंडोजची कळ व पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं की प्रेक्षकांना स्लाइड दिसते, तुम्हाला तुमच्या टिपणांसकट पुढची स्लाइड.

मोबाइलवाली

लॅपटॉप नसलेल्यांसाठी : कॅनव्हामध्ये ‘मॅच अँड मूव्ह’ नावाचं ट्रान्झिशन आहे, मॉर्फच्या जवळ जाणारं, आणि मुक्ता, बालू हे फॉन्टही तिथे आहेत. फक्त कार्यक्रमाच्या जागी नेट असेल यावर विसंबू नका. व्हिडिओ म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर न्या.

गडकोट

फोटोंच्या हक्काबद्दल कोणी लिहिलं नाही. इंटरनेटवर सापडलेला ड्रोनचा फोटो उचलून आपल्या शोमध्ये लावणं बरोबर नाही. ज्याने पहाटे उठून तो काढला त्याला विचारा, स्लाइडवरच त्याचं नाव लिहा. विकिमीडिया कॉमन्सवर या किल्ल्यांचे पुष्कळ फोटो आहेत, पण प्रत्येकाखाली परवाना वाचा. बहुतेकांना नाव देणं बंधनकारक असतं. आणि संरक्षित स्मारकावर स्वतः ड्रोन उडवायचा तर आधी रीतसर परवानगी लागते. ती न घेता काढलेलं दृश्य कितीही देखणं असलं तरी वारशाच्या कार्यक्रमात दाखवू नये असं मला मनापासून वाटतं.

सह्यवाटा

पूर्ण सहमत. आम्ही फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात नाव टाकतो. शेवटी एकत्र यादी देण्यापेक्षा हे बरं, कारण यादी येईपर्यंत लोक खुर्च्या सरकवायला लागलेले असतात.

शाळामास्तर

आणखी एक शंका. शो झाल्यावर वाचनालयवाले म्हणतात, फाइल द्या, आम्ही मुलांना पुन्हा दाखवू. पण तिथे तुम्ही बोलायला नसता आणि त्यांच्याकडे पॉवरपॉइंटही जुनं आहे. काय द्यावं?

सह्यवाटा

जुन्या आवृत्तीत मॉर्फच्या जागी साधं फेड दिसतं, म्हणजे सगळा प्रवासच गळून पडतो. त्यामुळे मूळ फाइल देण्यापेक्षा व्हिडिओ द्या. आधी स्लाइड शो टॅबमधल्या ‘रेकॉर्ड’ ने स्लाइडगणिक तुमचं निवेदन ध्वनिमुद्रित करा. एका स्लाइडवर बोलणं बिघडलं तर तेवढ्याच स्लाइडचं पुन्हा करता येतं. एक काळजी घ्या : स्लाइड बदलत असताना बोलू नका, ट्रान्झिशन चालू असताना आवाज नोंदला जात नाही आणि वाक्य तुटतं. मॉर्फ पूर्ण होऊ द्या, मग बोला. नंतर फाइल, एक्स्पोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ, फुल एचडी, आणि ‘यूज रेकॉर्डेड टायमिंग्ज अँड नॅरेशन्स’. तयार होणारी एमपी४ फाइल वाचनालयाच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावूनही चालते, फॉन्टचा प्रश्न उरत नाही.

राजगडाचा शेप्समध्ये काढलेला आराखडा कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. खांदेरी-उंदेरीचा नकाशाही तयार आहे. साल्हेर आणि पन्हाळा कोणी काढायला घेत असेल तर इथे सांगा, म्हणजे एकच काम दोघे करणार नाहीत.

अक्षरवेल

पन्हाळा मी घेते. सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना वेगळे शेप ठेवते, नावं मुक्तामध्ये.

जुना_कॅमेरा

साल्हेरच्या माझ्याकडे जुन्या स्लाइड आहेत, परशुराम मंदिराच्या बाजूने घेतलेल्या. स्कॅन करून देतो.